वडिलांची स्मरणिका: कपाट उघडण्यापासून छापील प्रत हातात येईपर्यंत

वर्षश्राद्धाला तीन आठवडे उरले की घरातलं कुणीतरी म्हणतं, "एक छोटी स्मरणिका काढू या." लगेच व्हॉट्सॲपवर निरोप जातो: प्रत्येकानं एकेक पान लिहा, फोटो पाठवा. पंधरा जणांचे पंधरा मजकूर येतात आणि सगळ्यांत तेच शब्द असतात, प्रेमळ, कष्टाळू, शिस्तप्रिय, मनमिळाऊ. फोटो अंधुक येतात. छापून येतं ते पुस्तक कुणाच्याही वडिलांचं असू शकतं. मुखपृष्ठावरचं नाव बदललं की झालं.

आमचे अण्णा रेल्वेत स्टेशन मास्तर होते. घर, ड्यूटी आणि प्रवास या तीन गोष्टींवर त्यांचा जीव होता. त्यांची स्मरणिका मी केली, त्यानंतर नात्यातल्या चार घरांना करायला मदत केली. चुका दर वेळी त्याच होतात आणि बहुतेक चुकांचं मूळ क्रमात असतं. लिहायला आधी बसतात, गोळा करायला नंतर. क्रम उलटा करा: आधी वस्तू, मग तारखा, मग माणसं, आणि लिहिणं सगळ्यांत शेवटी.

## आधी दिवस मोजा

आठवड्याला तीन-चार तास दिले तर आठ-नऊ महिन्यांत काम नीट होतं. त्यातले पाच महिने तरी गोळा करण्यात आणि लोकांना भेटण्यात जातात. छपाईला एक महिना हातात ठेवा.

पुस्तक तिथीला वाटायचं की तारखेला, हे पहिल्याच दिवशी ठरवा. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं, म्हणून पहिल्या वर्षी तिथी तारखेच्या सुमारे अकरा दिवस आधी येते. मधे अधिक मास आला तर उलट अठरा-एकोणीस दिवस पुढे जाते. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. गुरुजींना विचारून दिवस पक्का करा, आणि छापखान्याला त्याच्या दहा दिवस आधीची तारीख सांगा.

## टप्पा १: पहिल्या महिन्यात काहीही टाकू नका

तेरावं झालं की घर आवरायला घेतात. कपडे देऊन टाकतात, जुन्या डायऱ्या रद्दीत जातात, पाहुण्यांपैकी कुणीतरी कपाट 'मोकळं करून' देतं. हे थांबवा. कपडे द्यायचे असतील तर आधी खिसे तपासा. अण्णांच्या एका जुन्या कोटाच्या आतल्या खिशात मला औषधाची चिठ्ठी, सुपारीचा तुकडा आणि आईच्या हातची वाणसामानाची यादी सापडली. यादीच्या मागे त्यांनी पेन्सिलनं तीन गाड्यांच्या वेळा लिहिल्या होत्या. स्मरणिकेतलं सगळ्यात जास्त वेळा उघडलं जाणारं पान त्या कागदाचं आहे.

मोबाइलबद्दल विशेष जपा. माझ्याकडून इथेच कधीही न भरून येणारी चूक झाली. अण्णांचा फोन चांगला होता, भाच्याला कॉलेजसाठी हवा होता, म्हणून मी तो पुसून त्याला दिला. त्यात त्यांनी नातवंडांना पाठवलेले आवाजातले निरोप होते. "बाळा, गाडी वेळेवर आहे का बघून निघ" एवढंच म्हणणारे, पाच-सात सेकंदांचे. आता त्यातला एकही माझ्याकडे नाही.

म्हणून हे लगेच करा:

- फोन पुसू नका, कुणाला देऊ नका. सिमकार्डाचं रिचार्ज वर्षभर चालू ठेवा. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरात नसेल तर बंद होऊ शकतो.
- व्हॉट्सॲपचं खातं साधारण १२० दिवस निष्क्रिय राहिलं की पुसलं जातं. त्याआधी महत्त्वाच्या माणसांबरोबरचं संभाषण फोटो आणि आवाजासकट बाहेर काढून ठेवा.
- फोनमधले फोटो गूगलवर असतील तर ते उतरवून घ्या. दोन वर्षं न उघडलेलं खातं गूगल बंद करू शकतं.
- घरातल्या इतरांच्या फोनवर त्यांचे आलेले आवाजी निरोप शोधा. पाठवणाऱ्याचा फोन गेला तरी ऐकणाऱ्याच्या फोनवर ते बरेचदा शिल्लक असतात. हे मला उशिरा कळलं, आणि तोवर भाच्यानंही नवा फोन घेतला होता.

सावधान: मृत्यूचा दाखला, पेन्शनचे कागद, बँकेची पासबुकं, विम्याची पत्रं, मालमत्तेची कागदपत्रं वेगळ्या पिशवीत काढून ती व्यवहार पाहणाऱ्या माणसाकडे द्या. स्मरणिकेच्या सामानात ती मिसळू देऊ नका.

## टप्पा २: तीन खोकी

तीन मोठी खोकी घ्या आणि त्यांवर घर, नोकरी, प्रवास असं लिहा. सापडलेली प्रत्येक वस्तू यांपैकी एकात जाते. एखादी दोन्हीकडे बसत असेल तर जास्त विचार करू नका, कुठेही टाका आणि चिठ्ठी जोडा.

घराच्या खोक्यात लग्नाची पत्रिका, बारशाचे फोटो, मुलांची प्रगतिपुस्तकं, हिशोबाच्या वह्या. हिशोबाची वही कधीही सोडू नका. 'धाकटीचे बूट' ही एक नोंद शंभर विशेषणांपेक्षा जास्त सांगते.

नोकरीच्या खोक्यात नेमणुकीचं पत्र, बदलीचे हुकूम, ओळखपत्रं, निरोप समारंभाचे फोटो, शिट्टी, बिल्ला, हत्यारं. वडील शिक्षक असतील तर टाचणवही, शेतकरी असतील तर बाजार समितीच्या पट्ट्या, गिरणीत असतील तर हजेरीचं कार्ड. सेवापुस्तकाची प्रत घरात असेल तर पुढच्या टप्प्याचं निम्मं काम झालंच म्हणून समजा.

प्रवासाच्या खोक्यात फक्त फोटो टाकू नका. आमच्याकडे फिरकीचा तांब्या, सामान बांधायची साखळी आणि कुलूप, खाकी होल्डॉल आणि कडेला आईनं दोऱ्यानं 'अ' विणलेली सतरंजी निघाली. या वस्तूंचे स्वच्छ फोटो काढा. डोंगरासमोर रांगेत उभ्या कुटुंबाच्या फोटोपेक्षा त्या साखळीच्या फोटोनं लोक जास्त बोलते होतात.

हाताळताना काय टाळायचं:

पत्रं, दाखले, फोटो लॅमिनेट करू नका. लॅमिनेशन काढता येत नाही, आतला कागद कायमचा अडकतो.

फोटोच्या मागे बॉलपेननं लिहू नका. टोकाचा व्रण पुढच्या बाजूला उमटतो. मऊ पेन्सिल घ्या आणि कडेला हलक्या हातानं लिहा.

चिकट पानांच्या, वर प्लास्टिक असलेल्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका. आधी प्रत्येक पानाचा पूर्ण फोटो घ्या, कारण कोणता फोटो कशाशेजारी होता हीदेखील माहितीच असते. मग दात साफ करायचा बारीक दोरा फोटोखालून हळूहळू सरकवत न्या. तरी निघत नसेल तर सोडून द्या आणि जागेवरच स्कॅन करा.

गुळगुळीत थर्मल कागदावरची बसची तिकिटं आणि पावत्या उडत जातात. पाच-सात वर्षांत कोरा कागद उरतो. स्कॅनिंगला त्या पहिल्या घ्या. रेल्वेची जुनी पुठ्ठ्याची तिकिटं टिकाऊ असतात, ती नंतर केली तरी चालतील.

## टप्पा ३: स्कॅनिंग, एकदाच आणि नीट

छपाईसाठी फोटो छापायच्या आकारात ३०० डीपीआय (एका इंचातले ठिपके) लागतो. मूळ फोटो लहान आणि छापायचा मोठा, तर त्या पटीत वाढवा. पासपोर्ट आकाराचा फोटो तिप्पट मोठा छापायचा असेल तर ९०० लागेल, म्हणून १२०० वर स्कॅन करा. पोस्टकार्ड आकाराचे फोटो ६०० वर पुरतात. निगेटिव्ह सापडल्या तर त्या स्टुडिओतून २४०० वर करून घ्या. ३५ मिमीच्या निगेटिव्हमधून त्या मापात पानभर फोटो सहज निघतो. घरात प्रिंट खराब झालेली असते आणि निगेटिव्ह मात्र पाकिटात ताजी असते, असं फार वेळा होतं.

स्कॅनर नसेल तर फोननं काढा, पण खिडकीजवळ, दिवसा, फ्लॅश बंद करून, फोटो सपाट ठेवून आणि फोन बरोबर वर धरून. फ्रेममधला फोटो काचेबाहेर काढल्याशिवाय काढू नका. प्रत्येक प्रतिमेत तुमचंच डोकं दिसेल.

नाव देताना वर्ष आधी: १९७४_मिरज_लग्न_०१. वर्ष माहीत नसेल तर १९७x लिहा. 'अण्णा फोटो नवीन फायनल' असली नावं दिली तर सहा महिन्यांनी तुम्हालाच काही सापडणार नाही.

तपासा: नातेवाइकांकडून फोटो मागवताना 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं स्पष्ट लिहिलंत का? साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप त्याला दाबून लहान करतं. पडद्यावर छान दिसतो आणि छापल्यावर चेहरा पुसट होतो. सगळ्या फायलींच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात.

## टप्पा ४: कालपट

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात आणि म्हणून पुढे अडकतात. एका मोठ्या कागदावर पाच रकाने आखा: साल, वय, घर, नोकरी, प्रवास. जन्मापासून शेवटपर्यंत दर वर्षाला एक ओळ. खोक्यांतून जे पक्कं मिळालं ते पेननं लिहा, ऐकीव ते पेन्सिलनं.

जन्मतारखेपासूनच गोंधळ सुरू होतो. त्या पिढीतल्या पुष्कळांची शाळेतली जन्मतारीख १ जून आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजी अंदाजानं तारीख घालायचे. नोकरीचे सगळे कागद त्या तारखेचे आणि आजी मात्र सांगायची, "नवरात्रातला आहे तो, तिसऱ्या माळेचा." दोन्ही लिहा, कोणती कुठून आली हेही लिहा. एक खरी म्हणून दुसरी खोडू नका.

बायकांच्या नावांचा गोंधळ त्याहून मोठा. लग्नात नाव बदललेलं असतं, त्यामुळे १९६८ च्या पत्रातली 'कुसुम' आणि १९७५ च्या फोटोमागची 'सुनंदा' एकच आत्या असते. प्रत्येकीचं माहेरचं नाव, सासरचं नाव आणि घरातलं हाक मारायचं नाव अशी यादी कालपटाशेजारीच करा.

"साल कुठलं?" असं वयस्क माणसाला विचारलं तर उत्तर चुकतं. त्यांच्या मनात सालं नसतात, घटना असतात. "पानशेतच्या आधी की नंतर?" असं विचारा. पुणेकरांना पानशेतचा पूर (१२ जुलै १९६१), सातारा-सांगलीकडच्यांना कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७), सगळ्यांनाच ७२ चा दुष्काळ, मुंबईकरांना गिरणी संप (जानेवारी १९८२ पासून), लातूर-धाराशिवकडच्यांना किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३). या खुंट्यांवर बाकीच्या आठवणी टांगता येतात.

याच खुंट्यांवर चुकाही पकडता येतात. आमचे काका छातीठोक सांगत होते की अण्णा आम्हाला कोकण रेल्वेनं गोव्याला घेऊन गेले. फोटोत माझ्या दोन वेण्या आणि दुधाचे पडलेले दात. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग १९९८ साली सुरू झाला, तेव्हा माझं लग्न झालं होतं. आईला विचारल्यावर खरं कळलं: मिरजेला मोठी गाडी सोडून मीटर गेजची, म्हणजे अरुंद रुळांची, गाडी धरली, लोंढ्यावरून दूधसागर बघत गेलो. मिरजेच्या फलाटावर गाडी बदलताना अण्णांनी तिथल्या मास्तरांशी गप्पा मारत अर्धा तास काढला आणि आई होल्डॉलवर बसून राहिली. चुकीची आठवण दुरुस्त करायला गेलं की बरेचदा असं काहीतरी हाताला लागतं, म्हणून ती तपासायची.

## टप्पा ५: माणसांना भेटणं

आता जा लोकांकडे, पण क्रमानं. सगळ्यांत आधी सगळ्यांत वयस्क माणूस, मग आजारी असलेले, मग दूर राहणारे, आणि शेवटी तुम्ही भावंडं. लोक उलट करतात. भावंडं काय, पुढच्या महिन्यातही भेटतील. अण्णांबरोबर पहिल्या पोस्टिंगला असलेले एक पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारे) आमच्या यादीत शेवटी होते. मी पोचले तेव्हा त्यांना जाऊन दोन महिने झाले होते.

आईशी एकटीनं बोला, दुपारी, घरात गर्दी नसताना. एका बैठकीत चाळीस मिनिटांपेक्षा जास्त नको. पहिल्या वेळी ती फक्त शेवटच्या आजारपणाबद्दल बोलेल. बोलू द्या, थांबवू नका, वहीही काढू नका. लग्नानंतरची पहिली वर्षं तिसऱ्या-चौथ्या भेटीत येतात.

रिकाम्या हातांनी जाऊ नका. खोक्यातली एखादी वस्तू, तीन-चार फोटो बरोबर न्या. "अण्णा कसे होते?" हा प्रश्न कधीच विचारू नका. त्याचं उत्तर 'देवमाणूस' असं येतं आणि संभाषण तिथेच संपतं. त्याऐवजी असं विचारा:

- ड्यूटीवरून घरी आल्यावर आधी काय करायचे? चप्पल कुठे काढायचे?
- पगार झाला त्या दिवशी घरात काय यायचं?
- चिडले की आवाज चढायचा की गप्प व्हायचे? कशावर चिडायचे?
- प्रवासाला निघताना सामान कोण बांधायचं? डब्यात काय असायचं?
- तुमचं त्यांच्याशी कशावरून वाजलं होतं?

शेवटचा प्रश्न विचारायला जड जातो, पण विचारा. सगळ्यात जिवंत उत्तरं त्याचीच येतात.

सहकाऱ्यांना 'एक दिवस' विचारा: सकाळी हजर झाल्यापासून सुटी होईपर्यंत एकामागून एक काय काय. घरच्यांना वडिलांचं काम नेमकं काय होतं ते माहीत नसतं. मलाही नव्हतं. अण्णांच्या एका जोडीदारानं मला एकेरी लाइनवरचं काम समजावलं: पुढच्या स्टेशनकडून लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, घ्यायचं, यंत्रातून टोकन काढायचं, ते वेताच्या कड्याला लावलेल्या थैलीत घालायचं आणि धावत्या गाडीच्या ड्रायव्हरनं हात घालून ते कडं उचलायचं. टोकन नाही तर गाडी नाही. बोलता बोलता ते उठले आणि हात खांद्यापर्यंत वर करून, मान मागे घेऊन, कडं कसं धरायचं ते मला उभं राहून दाखवलं. "अण्णा पावसात स्वतः कडं धरायचे, पोराला आत बसवायचे. पोरगा म्हणजे मी." हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

ध्वनिमुद्रण परवानगी विचारूनच करा. फोन विमान मोडवर टाका, पंखा बंद करा किंवा फोन पंख्याखालून हलवा, नाहीतर नुसती घरघर येते. त्याच आठवड्यात ऐकून उतरवून काढा. उतरवताना बोली तशीच ठेवा. "आमी तवा लई ल्हान व्हतो" याचं "आम्ही तेव्हा खूप लहान होतो" केलंत की माणूस गेला, माहिती उरली.

तपासा: पुढच्या टप्प्याआधी कालपटातली पेन्सिल किती उरली ते बघा. ज्या दहा-बारा वर्षांत एकही ओळ नाही, ती वर्षं कुणाला माहीत असतील? अजून वेळ आहे, एक फोन करा.

## टप्पा ६: प्रवासाचं प्रकरण वेगळं हाताळा

ज्यांना फिरायची आवड होती त्यांच्या स्मरणिकेत हमखास एक यादी येते: काशी, रामेश्वर, दिल्ली, आग्रा, म्हैसूर, उटी. यादी वाचून कुणाच्या डोळ्यासमोर काही येत नाही. यादी नकाशावर टाका आणि एकच प्रवास पूर्ण लिहा.

तो कसा निवडायचा? ज्याचे सगळ्यात जास्त पुरावे आहेत तो. तिकीट, हिशोबाच्या वहीतली पानं, तिथून पाठवलेलं पोस्टकार्ड (डाकेच्या शिक्क्यावर गाव आणि तारीख असते, भिंग लावून वाचा), फोटो आणि निदान दोन माणसांच्या आठवणी. आम्ही हिशोबाची वही उघडली तेव्हा रामेश्वरच्या प्रवासाच्या चार पानांत हमालाचे पैसे, केळी, माझ्यासाठी घेतलेली शंखांची माळ आणि 'चहा' हा शब्द एकोणीस वेळा होता. प्रत्येक चहापुढे स्टेशनाचं नाव. त्या एकोणीस नावांनी आमचा नकाशा आपोआप तयार झाला.

नकाशा हातानं काढलात तर उत्तम. भारताची पूर्ण बाह्यरेषा छापणार असाल तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच घ्या. इंटरनेटवरच्या कित्येक नकाशांत सीमा चुकीच्या असतात आणि तसा नकाशा छापणं हा गुन्हा आहे.

## टप्पा ७: आता लिहा

आधी फोटोओळी. प्रत्येक फोटोखाली कोण, डावीकडून कोण कोण, कुठे, साधारण कधी. "एक आनंदाचा क्षण" ही फोटोओळ नव्हे. फोटोओळी पूर्ण झाल्या की निम्मं पुस्तक झालेलं असतं आणि काय लिहायचं राहिलं ते दिसतं.

मग प्रसंग. मग सहकाऱ्यांची आणि नातेवाइकांची बोलणी. मनोगत किंवा प्रस्तावना सगळ्यांत शेवटी.

ज्यांना स्वतः लिहायचं आहे त्यांना 'आठवणी लिहा' असं सांगू नका, एक प्रसंग नेमून द्या: "तुझ्या बारावीच्या निकालाच्या दिवशी काय झालं ते लिही, तीनशे शब्द." नेमून दिलेलं लोक वेळेवर देतात.

विशेषणं खोडा. 'प्रेमळ' असं लिहिलं असेल तर लिहिणाऱ्याला विचारा, कशावरून? जे उत्तर येईल ते छापा. एकच हाकेचं नाव शेवटपर्यंत ठेवा. एका पानावर अण्णा, दुसऱ्यावर बाबा, तिसऱ्यावर 'कै. साहेब' असं झालं की बाहेरचा वाचक गोंधळतो. वेगवेगळ्या माणसांच्या बोलण्यात वेगळी नावं राहू द्या, पण सुरुवातीला कोण काय म्हणायचं याची ओळ टाका.

भांडणं, कर्ज, व्यसन, दुरावा यांचं काय? मी असा नियम ठेवला: आईनं वाचून "राहू दे" म्हटलं तर राहील. ज्या जिवंत माणसाबद्दल आहे त्यानंही वाचलेलं असलं पाहिजे. आमच्या काकांशी अण्णा सहा वर्षं बोलत नव्हते. काकांनी ते स्वतःच्या शब्दांत लिहून दिलं, आईनं वाचलं, आणि ते छापलं.

सावधान: आधार क्रमांक, पेन्शनचा क्रमांक, सह्या, घराचा पूर्ण पत्ता छापू नका. जुन्या कागदांच्या प्रतिमांत हे सगळं दिसत असतं, ते झाका. पुस्तक पन्नास घरांत जाणार आहे.

## टप्पा ८: जुळणी, प्रूफ, छपाई

छापखान्यात जाण्याआधी चार गोष्टी ठरवून जा: आकार, पानं, प्रती, रंगीत किती.

आकाराला 'डेमी' म्हटलं की कळतं, साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. फोटो जास्त असतील तर त्याहून मोठा घ्या. मधे पिना मारायच्या असतील तर पानांची संख्या चारच्या पटीत लागते. साठ-सत्तर पानांपर्यंत पिना चालतात, त्यापुढे पाठीला गोंद लावलेली बांधणी करा. आतला कागद ९० ते १०० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप), फोटोंची पानं १३० जीएसएम आर्ट पेपर, मुखपृष्ठ ३०० जीएसएम. शे-दीडशे प्रतींसाठी डिजिटल छपाई परवडते. पाचशेच्या पुढे ऑफसेट स्वस्त पडू लागतं. दोन ठिकाणी भाव विचारा आणि भाव कागदावर लिहून घ्या.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला द्या, आणि जुळणी करणारा कोणता फॉन्ट वापरतो ते विचारा. जुन्या फॉन्टमध्ये बदलताना जोडाक्षरं मोडतात. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'ॲ', 'त्त', 'श्र', आणि रफार असलेला प्रत्येक शब्द बघा. एका घरच्या स्मरणिकेत 'वऱ्हाडी' शब्द चार ठिकाणी फुटला होता, आणि ते छापून झाल्यावर दिसलं.

प्रूफ कागदावर वाचा, पडद्यावर नाही. तीन फेऱ्या करा आणि प्रत्येक फेरीत एकच गोष्ट बघा. पहिली फेरी फक्त नावं. दुसरी फक्त आकडे: तारखा, सालं, वयं, पान क्रमांक. तिसरी भाषा. सगळं एकदम वाचलं की डोळा मजकुरात रमतो आणि आजोबांच्या नावातली चूक निसटते. तिसरी फेरी घराबाहेरच्या माणसाला द्या.

मग एकच प्रत छापून घ्या आणि दिवसाच्या उजेडात उघडा. काळे-पांढरे फोटो हिरवट किंवा तांबूस येतायत का? कुणाचं डोकं शिवणीत गेलंय का? फोटो आणि फोटोओळ जुळतायत का? ती प्रत आईच्या हातात द्या आणि ती पानं उलटताना कुठे थांबते ते बघा. आमची आई सतराव्या पानावर थांबली, बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "हा स्वेटर मी विणलेला नाही. हा त्यांच्या आईनं विणलेला." फोटोओळ बदलली, आणि मगच बाकीच्या प्रती छापायला दिल्या.

## टप्पा ९: वाटप आणि परत करणं

प्रती घरांच्या हिशोबानं मोजा, माणसांच्या नाही, आणि त्यात वीस वाढवा. सहकाऱ्यांना टपालानं पाठवा, बरोबर दोन ओळींचं हातानं लिहिलेलं पत्र ठेवा. ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांच्यासाठी नातवंडांना वाचायला बसवा आणि ते वाचन ध्वनिमुद्रित करून पाठवा. परदेशातल्यांना पीडीएफ लगेच गेली तरी छापील प्रत जाऊ द्या.

लोकांकडून आणलेले मूळ फोटो आणि पत्रं महिन्याभरात, शक्यतो स्वतः जाऊन परत करा. कुणाकडून काय आणलं याची यादी टप्पा दोनपासूनच ठेवलेली हवी. नसेल तर आत्ता करा.

पुस्तकाची शेवटची दोन पानं कोरी ठेवा आणि वर 'दुरुस्त्या आणि राहिलेलं' एवढंच छापा. वाटप झालं की फोन सुरू होतात: हे असं नव्हतं, तो मी नव्हेच, ते गाव दुसरं. तुमच्या प्रतीतल्या त्या पानांवर सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून उतरवत जा. आमच्या प्रतीत पहिली नोंद त्या टोकनवाल्या जोडीदाराची आहे. त्यांनी पुस्तक मिळाल्याच्या चौथ्या दिवशी फोन करून सांगितलं की पान बत्तीसवर स्टेशनची घंटा पितळेची लिहिली आहे, ते चूक आहे. त्या स्टेशनवर घंटा नव्हतीच, रुळाचा तुकडा टांगलेला होता, आणि अण्णा तो उजव्या नाही, डाव्या हातानं वाजवायचे.